मेल गेली, पण गेली कुठे?

"आमच्या सर्व्हरवरून मेल व्यवस्थित गेलेली आहे. कृपया आपल्या मेल प्रोव्हायडरशी संपर्क साधावा."

वेब होस्टिंगच्या धंद्यात हे वाक्य इतक्या वेळा पाठवलं जातं की त्याचं रेडीमेड टेम्प्लेटच असतं. बटण दाबलं की उत्तर रवाना, तिकीट बंद. माझं म्हणणं असं, की ज्याची वेबसाइट आपल्याकडे आणि मेल गुगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे आहे, अशा ग्राहकाला लॉग न उघडता हे उत्तर पाठवणं म्हणजे चक्क टोलवाटोलवी आहे. मी याच धंद्यात आहे, त्यामुळे हे बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजतो :)

आता गंमत बघा. चाकणजवळ छोटं वर्कशॉप चालवणारे एक ग्राहक आहेत. वेबसाइट आमच्याकडे. मेल आधी आमच्याकडेच होती, मग त्यांनी ती गुगल वर्कस्पेसवर हलवली. सगळं झकास. जगभरातून मेल येतात, जातात. फक्त वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म कोणी भरला की ती मेल येत नाही. आम्ही म्हणतो, गेली. गुगलवाले म्हणतात, आमच्या दारापर्यंत आलीच नाही. आणि खरी मेख ही, की दोघेही खोटं बोलत नसतात!

याचं कारण समजून घ्यायला वाड्याचं उदाहरण घेऊ. जोशी वाडा सोडून कोथरूडला फ्लॅटमध्ये गेले. पोस्टात नवा पत्ता दिला, त्यामुळे बाहेरगावची पत्रं बरोबर कोथरूडला पोचतात. पण वाड्यातल्याच शेजाऱ्याला जोशींना चिठ्ठी द्यायची असेल, तर तो कशाला पोस्टात जातोय? तो जिना चढतो आणि जुन्या खोलीच्या फटीतून चिठ्ठी आत सरकवतो.

डोमेनचा 'एमएक्स' रेकॉर्ड म्हणजे तो पोस्टात दिलेला पत्ता. १९८६ पासून इंटरनेटवरची मेल त्याच्याच भरवशावर चालते. पण होस्टिंगच्या सर्व्हरकडे स्वतःची एक यादी असते, 'ही डोमेन्स माझ्याच घरातली'. डोमेन त्या यादीत असेल तर सर्व्हर एमएक्स विचारायला बाहेर जातच नाही. सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' नावाचं एक पान आहे, तिथे 'लोकल'चं 'रिमोट' करायचं असतं. बस, एवढंच! ते करायचं राहून गेलं आणि जुना मेलबॉक्स अजून जिवंत असेल, तर मेल गुपचूप त्यात पडत राहते. मेलबॉक्स उडवला असेल तर 'असा कोणी इथे राहत नाही' म्हणून परत येते. पण फॉर्मची मेल बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या सिस्टीम युजरच्या नावाने निघालेली असते. म्हणजे परत आलेलं पाकीटही जिथे कोणी ढुंकून बघत नाही तिथेच जाऊन पडतं. शिवाय शेअर्ड होस्टिंग म्हणजे आख्खा वाडाच. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या साइटने तुम्हाला पाठवलेली मेलसुद्धा त्याच बंद खोलीत.

या ग्राहकांच्या जुन्या मेलबॉक्समध्ये दोन महिन्यांच्या चौकश्या सापडल्या. त्यांनी एकेकाला फोन लावले. बहुतेकांनी काम कधीच दुसऱ्याला दिलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. लॉगमध्ये एक ओळ बघितली असती तर मेल बाहेर गेली की घरातच राहिली हे दोन मिनिटांत कळलं असतं. ग्राहकाला तो लॉग वाचता येत नाही, गुगलला दिसत नाही. दिसतो फक्त आम्हाला. मग 'तिकडे विचारा' कुठल्या तोंडाने सांगायचं?

ऑफिसात यावर वाद होतो. स्वस्तातला प्लॅन घेणाऱ्याला किती सपोर्ट द्यायचा, आम्ही मेल कंपनी थोडेच आहोत, वगैरे. पण मेल आमच्याचकडे आहे असं न विचारता गृहीत कोणी धरलं? आम्हीच ना! नेमसर्व्हर दुसरीकडे असतील तर ग्राहकाने एमएक्स बदलल्याची खबर पॅनेलला आपोआप मिळेलच असं नाही. मग आठवड्यातून एकदा स्क्रिप्ट चालवा. बाहेरचा एमएक्स भलतीकडे बोट दाखवतोय आणि डोमेन आमच्या यादीत 'लोकल' आहे, असं दिसलं की ग्राहकाला कळवा. तासा-दोन तासांचं काम आहे हो. होत नाही, कारण मोजलं जातं ते तिकीट किती लवकर बंद झालं ते.

असो. राउटिंग सुधारलं म्हणजे संपलं असंही नाही. बरेच फॉर्म पाठवणाऱ्याच्या जागी वेबसाइट बघायला आलेल्या माणसाचा पत्ता घालतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने डीमार्कचं धोरण कडक केलं, तेव्हापासून याहूच्या नावाची पण याहूची सही नसलेली मेल नाकारा, असं जगाला सांगितलेलं आहे. गुगल ते पाळतं. म्हणजे याहूवाल्या गिऱ्हाइकाची चौकशी तिथेच गचकली. पाठवणारा म्हणून आपल्याच डोमेनचा पत्ता हवा, येणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. आणि जमलं तर फॉर्मची मेल आपल्या मेल कंपनीच्याच एसएमटीपीमधून लॉगिन करून पाठवावी. नाहीतर एसपीएफ रेकॉर्डमध्ये होस्टिंगचा सर्व्हरही घालावा लागतो, तोही आहे त्याच रेकॉर्डमध्ये. दोन वेगळे एसपीएफ रेकॉर्ड केले की दोन्ही बाद. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू या बाबतीत आणखी काटेकोर झालेत.

तुमची किंवा ओळखीत कोणाची अशी साइट असेल तर आजच फॉर्म भरून बघा. आपल्या जीमेलवरून थेट मेल टाकून तपासू नका, ती पोचणारच. फॉर्मच भरा, एकदा जीमेलचा पत्ता घालून आणि एकदा याहूचा. पोचली नाही तर होस्टिंगवाल्यांना 'मेल येत नाही' असं मोघम लिहू नका. वेळ लिहा, पत्ता लिहा आणि विचारा, "तुमच्या लॉगमध्ये ही मेल लोकल डिलिव्हर झाली की रिमोट?" टेम्प्लेटमध्ये याचं उत्तर नाहीये. कोणाला तरी लॉग उघडावाच लागेल.