मजुराच्या हातांतील पैसा कोठें जातो?

गेल्या हंगामांत आमच्या मंडळाच्या सभेंत एका प्रतिष्ठित बागायतदारांनीं तक्रार मांडली, कीं सरकार गरिबांवर पैसा उधळतें, त्यामुळें मजूर आळशी झाले, मजुरीचे दर चढले आणि शेती तोट्यांत आली. सभेंतील बहुतेकांनीं माना डोलावल्या. आम्ही त्या वेळीं गप्प राहिलों, कारण एके काळीं आमचेंही मत असेंच होतें. तें कां पालटलें, हें शेतकरी बंधूंपुढें ठेवण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रोजगार हमीचे हजेरीपट तपासण्याचें काम आमच्याकडे होतें. या योजनेचा जन्म कसा झाला हें जुन्या मंडळींस ठाऊक आहेच. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या व तलाव खणण्याच्या कामांनीं लाखों माणसें जगविलीं. पुढें १९७७ सालीं विधिमंडळानें हमीचा कायदा केला व १९७९ पासून तो अमलांत आला. खर्चासाठीं नोकरदार व व्यापारी यांजवर १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला होता. तो आमच्याही पगारांतून कापला जाई, आणि इतरांप्रमाणें आम्हीही कुरकुर करीत असूं, कीं आपला पैसा फुकट जातो.

एका उन्हाळ्यांतील प्रसंगानें आमचे डोळे उघडले. पाझर तलावाच्या कामावरील मजुरी कागदांची पूर्तता न झाल्यामुळें तीन आठवडे अडली. हजेरीपट कचेरींत पडून होते. मजुरांचे हाल झाले हें उघडच. परंतु चौथ्या आठवड्यांत जो मनुष्य तक्रार घेऊन आमच्या टेबलाशीं आला तो मजूर नव्हता. विहिरीवर भाजीपाला करणारा तो एक शेतकरी होता. तो म्हणाला, "भाऊसाहेब, मजुरी केव्हां वाटणार? बाजारांत माझ्या वांग्यांस कोणी विचारीत नाहीं. दोन पाट्या गुरांपुढें टाकल्या." त्याच्या मागोमाग किराणा दुकानदार आला, त्याची उधारी थकली होती. पुढें मजुरी वाटली गेली, त्याच आठवड्यांत वांगीं, ज्वारी, तेल, मीठ, सारें खपलें. हजेरीपटावर अंगठा मजुराचा होता. पैसा मात्र आठ दिवसांत खातेदाराच्या घरीं पोंचला होता.

एका बाजारावरून सिद्धांत बांधूं नये, असें कोणी म्हणेल, व तें रास्तही आहे. म्हणून दूरदेशची एक कसोटी सांगतों. आफ्रिकेंतील केनिया देशाच्या पश्चिम भागांत सियाया नांवाचा परगणा आहे. तेथें २०१४ ते २०१७ या काळांत एका परोपकारी संस्थेनें गवती छपराखालीं राहणाऱ्या १०,५०० हून अधिक कुटुंबांस प्रत्येकीं सुमारें १,००० डॉलर बिनशर्त दिले. अर्थशास्त्रज्ञांनीं पाहणीसाठीं ६५३ खेडीं घेतलीं होतीं. त्यांपैकीं कोणत्या खेड्यांत पैसा जावा हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें, म्हणजे मागाहून फरक नीट मोजतां यावा. ताळा जमविल्यावर असें आढळलें, कीं वांटलेल्या एका डॉलरामागें त्या मुलखाचें उत्पन्न सुमारें अडीच डॉलरांनीं वाढलें. ज्या शेजाऱ्यांस एक पैही मिळाली नव्हती त्यांचाही घरखर्च वाढला, कारण पैसा फिरत फिरत त्यांच्या दुकानांत व मजुरींत आला. भाव भडकतील ही भीति होती. ते सरासरीनें हजारांत एक इतकेच चढले.

राहिला आळसाचा आरोप. २०१९ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक ज्यांस विभागून मिळालें, त्या अभिजित बॅनर्जी यांनीं सहकाऱ्यांसह सहा गरीब देशांतील सात सरकारी योजनांचे आंकडे तपासले. पैसा मिळाल्यानें लोक काम टाळूं लागतात, असा पुरावा त्यांस मिळाला नाहीं. आमच्या पाहण्यांतील एका विधवेनें मजुरींतून वांचवून एक शेळी घेतली. तीन वर्षांत तिच्या दाराशीं चार शेळ्या झाल्या व ती परक्याच्या खुरपणीस येईनाशी झाली. गांवांत लोक म्हणूं लागले, कीं बाई माजली. वस्तुतः ती पहाटेपासून राबतच होती. फरक एवढाच, कीं तें काम आतां तिचें स्वतःचें होतें.

आणखी एक गोष्ट आपण सोयिस्करपणें विसरतों. १९९० पासून याच रोजगार हमीतून फळबाग लागवडीस साहाय्य मिळूं लागलें. कोंकणांत आंबा व काजू, दुष्काळी पट्ट्यांत बोर, सीताफळ व डाळिंब यांची लागवड त्यामुळें झपाट्यानें वाढली. ज्या योजनेस आपण मजुरांची म्हणून नांवें ठेवितों, तिच्या आधारें कित्येक खातेदारांच्या बागा उभ्या राहिल्या. सभेंत तक्रार करणाऱ्या गृहस्थांची डाळिंबाची पहिली बागही त्यांतलीच होय. त्यांस ही आठवण देण्याचें धाडस आम्हांस त्या दिवशीं झालें नाहीं. येथें आदरपूर्वक देत आहों.

मजुरी वाढली ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि दोन-तीन एकरांच्या खातेदारास ती जड जाते हेंही आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तोट्याचें मूळ मालाच्या भावांत आहे, आणि भाव गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर अवलंबून असतो. श्रीमंताची मिळकत दुप्पट झाली म्हणून तो दोन भाकरी अधिक खात नाहीं. गरिबाच्या घरीं चार पैसे आले, कीं प्रथम पोटभर धान्य येतें, मग डाळ, दूध, अंडीं, फळें येतात. आणि हा सर्व माल आपलाच. जागतिक बँकेनें २०२५ सालीं दरडोई दररोज ३ डॉलर ही दारिद्र्याची रेषा ठरविली. तिच्या खालीं जगांत सुमारें ८० कोटी माणसें आहेत असा तिचा अंदाज आहे. बाजाराबाहेर रिकाम्या हातानें उभीं असलेलीं हीं ८० कोटी गिऱ्हाइकें होत. नाशिकचा कांदा श्रीलंका, बांगलादेश, मलेशिया येथें आजवर गेलेला आहे. तेथील मजुराची चूल रोज पेटूं लागली, तर येथील चाळींतला कांदा हलेल. म्हणून दुसऱ्या देशांतील गरिबाशीं आपणांस काय करावयाचें आहे, असें शेतकऱ्यानें तरी म्हणूं नये.

तथापि गरिबांच्या नांवावर पडणारा हरएक रुपया उगवतो असें आमचें म्हणणें नाहीं. उशिरा पोंचलेली मजुरी, अर्धवट टाकलेला बांध, वाटेंत गळालेला पैसा हें किडकें बीं होय. तें पेरून पीक आलें नाहीं, तर दोष जमिनीस देतां येत नाहीं. यास्तव पुढील सभेंत आम्ही तीन सूचना मांडणार आहों. पहिली, सरकारी कामांची मजुरी ठरल्या दिवशीं वाटली जावी, अशी मागणी मंडळानें स्वतःच्या नांवानें लेखी करावी. दुसरी, ग्रामसभेंत खातेदारांनीं जातीनें हजर राहून बांधबंदिस्ती, विहिरी, वृक्षलागवड अशीं टिकाऊ कामें मागावीं. तिसरी, मंडळाच्या निधींतून कांहीं रक्कम भूमिहीन कुटुंबांस शेळ्या व कोंबड्या घेण्यासाठीं हलक्या व्याजानें द्यावी.

या सूचनांस विरोध होईल हें आम्ही जाणून आहों. विरोध करणाऱ्यांस एवढीच विनंति, कीं येत्या बाजाराच्या दिवशीं आपल्या पाटीशीं घटकाभर उभें राहावें आणि पैसे देणारे हात न्याहाळावे. त्यांत कुदळीचे घट्टे पडलेले हात किती, तें मोजावें, आणि मग आपलें मत द्यावें.