बंदीतले दोन दिवस पोरासाठी काढा



१ जून ते ३१ जुलै बंदी. होड्या वर ओढल्या, आता इंजिनाचं काम, जाळ्यांचं काम. यंदा त्यातले दोन दिवस आणखी एका कामासाठी काढा, असं आम्हाला वाटतं.

आपल्यातल्याच एका घरातलं पोर चार वर्षांचं. हाक मारली तर वळून बघत नाही, गाडीचं चाक तासभर फिरवत बसतं, मोठा आवाज झाला की कान झाकतं. बालवाडीत नेलं तर "सध्या घरीच ठेवा" म्हणून सांगितलं. बापूस दर्यावर, आवय एकटी पोराला घेऊन घरात. वर लोकांचे टोमणे.

याला स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम. आईच्या चुकीने ती होत नाही. आणि घरी बसवून ठेवणं हा उपाय नव्हे. बोलायला, खेळायला, थांबायला शिकवायचं वय हेच. सहा वर्षांची वाट बघितली तर तेवढी वर्षं हातची जातात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सरकारी मदतीच्या किंवा मान्यतेच्या शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता घ्यायचं आहे. ४० टक्के किंवा जास्तीचा दाखला असेल, तर ६ ते १८ वयात जवळची शाळा की खास शाळा, हे निवडायचा हक्क मुलाचा, आणि शिक्षण फुकट. अंगणवाड्यांसाठीही केंद्र सरकारने २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी वेगळी कार्यपद्धती काढली.

बाईंच्या अडचणी आम्हाला कळतात. वर्गभर पोरं आणि त्या एकट्या. म्हणून भांडायला नको, मदतनीस मागायला त्यांच्यासोबत जाऊया. काही पोरांना खास शाळाच लागते, त्यात लाज कसली? पण तो निर्णय तपासणीनंतर व्हावा, दारातूनच परत पाठवून नव्हे. आमचं मत, जमेल तिथे सुरुवात गावातच व्हावी. उद्या ज्यांच्यासोबत राहायचं, ती पोरं याच वाड्यावरची.

शंका असेल तर आधी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात दाखवा. पर्वरीकडची 'सेतू' संस्थाही अशा मुलांसाठी काम करते. जाताना बापसानेही जावं. होडीतली गळती आपण पहिल्या दिवशीच बघतो, मग पोराच्या बाबतीत "बोलेल हळूहळू" म्हणत का बसायचं?

सोबत लागली तर सोसायटीत सांगा. आम्ही येतो.