श्वासाला रंग नसतो



इल्फर्डच्या किंग जॉर्ज रुग्णालयातील प्रसूती विभाग २०१३ साली बंद झाला आणि तेथील बाळंतपणे रोमफर्डच्या क्वीन्स रुग्णालयाकडे गेली. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तेथूनही रॉयल लंडन किंवा होमर्टनच्या अतिदक्षता कक्षात हलवावे लागते. वाटेत ते उबदार पेटीत असते. नाकातील बारीक नळ्यांतून सतत दाबाने हवा दिली जाते, म्हणजे कोवळ्या फुप्फुसांतील वायुकोश मिटत नाहीत. या विद्येपुढे आम्ही नतमस्तक आहोत. आमचे भांडण आहे ते मोजपट्टीशी.

१९५२ साली डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी नवजात बालकासाठी पाच कसोट्या सिद्ध केल्या. त्यांतील एक कसोटी त्वचेच्या रंगाची. सर्वांग गुलाबी असेल तर पूर्ण दोन गुण! आमची सावळी लेकरे कोणत्या दिवशी गुलाबी होती?

यंत्र तरी निःपक्षपाती असेल, असे कोणी म्हणेल. परंतु अमेरिकेतील प्रौढ रुग्णांविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, रक्तातील प्राणवायूची छुपी कमतरता बोटावरील यंत्राकडून गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांमध्ये जवळजवळ तिप्पट वेळा निसटली. २०२३ साली राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या वंश व आरोग्य वेधशाळेनेही नवजातांच्या तपासणीतील रंगाधारित कसोट्यांवर बोट ठेवले.

यामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, असे सांगितले जाते. मान्य. परंतु हेतू शुद्ध असल्याने माप शुद्ध होत नाही. माप ठरविणारा स्वतःलाच प्रमाण मानतो आणि इतरांना उणे ठरवितो, हा अनुभव आम्हाला नवा नाही. धावत्या रुग्णवाहिकेत तर चुकलेले माप सुधारण्यास फारसा अवसरही नसतो.

म्हणून उपचार नाकारू नका, प्रश्न विचारा. बाळाची जीभ व हिरड्या पाहिल्या काय? शंका असल्यास रक्तातील वायूंची तपासणी केली काय? आणि संघटितपणे मागणी करा की, प्रत्येक वर्णाच्या त्वचेवर पारखलेलीच यंत्रे खरेदी व्हावीत. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातृत्वाचा भार शासनाने उचलावा, अशी भूमिका मांडली होती. अचूक माप हा त्याच कर्तव्याचा भाग आहे. ते आम्ही दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागतो.

जय भीम!