आरशासारखी गाडी

गेल्या मे महिन्यात एका धर्मग्रामाच्या सभागृहात मुलांच्या हस्तकलेचे प्रदर्शन भरले होते. चौदा वर्षांच्या एका मुलाने तेथे १९५७ सालच्या शेव्हरोले बेल एअर या अमेरिकन मोटारीची पंचविसांश प्रमाणातील प्रतिकृती मांडली होती. परीक्षकांनी ती उचलली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि ‘रंगाला चमक नाही’ एवढाच शेरा मारून खाली ठेवली. पारितोषिक दुसऱ्या गाडीला मिळाले. तीही त्याच काळातील अमेरिकन गाडी. परंतु तिच्या बॉनेटमध्ये छताचा पंखा फिरताना दिसत होता! परीक्षकांविषयी आमच्या मनात अनादर नाही. निकाल मात्र चुकीचा होता असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते मांडल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

खेळण्यातल्या गाडीसाठी एवढी शाई कशाला खर्च करावी, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी ही गाडी कशी तयार होते ते आधी ऐकावे. अमेरिकेतील मामाने पाठविलेल्या खोक्यातून गाडी निघत नाही. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग निघतात. ते साबणाच्या पाण्याने धुवावे लागतात, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. साच्याच्या दोन अर्ध्या जेथे मिळतात तेथे उठलेली बारीक रेघ पॉलिश पेपरने घासून काढावी लागते. मग प्रायमर, आणि त्यावर रंगाचे धुक्यासारखे विरळ हात, एकामागून एक. घाई केली की रंग ओघळतो. तीव्र थिनरचा रंग उघड्या प्लास्टिकवर बसला तर ते पृष्ठभागच खातो आणि तडे पडल्यासारख्या रेघा उमटतात. रंग वाळला की नाही हे बोट लावून पाहायचे नसते, नाक जवळ नेऊन पाहायचे असते. वास येतो तोवर तो ओला समजावा. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात लॅकर फवारला तर हवेतील दमटपणाने तो दुधाळ होतो, म्हणून या मुलाने नोव्हेंबरची वाट पाहिली होती. चौदाव्या वर्षी इतकी वाट पाहणे सोपे नाही. आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांनाही ते जमत नाही.

आता मूळ मुद्दा. परीक्षकांना हवी होती ती चमक १९५७च्या बेल एअरवर होती काय? एक परीक्षक आम्हांस म्हणाले, “फादर, मी लहानपणी मुंबईत अशा गाड्या पाहिल्या आहेत. आरशासारख्या चमकत.” त्यांनी गाड्या पाहिल्या असतील यात शंका नाही. परंतु जनरल मोटर्सचा शिवडीचा जुळणी कारखाना १९२८ साली सुरू झाला आणि १९५४ साली बंद पडला. १९५७ची गाडी तेथून निघण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पाहिली ती परदेशातून आणलेली, कोणा शेटजींच्या पोर्चमध्ये उभी असलेली आणि ड्रायव्हरने रोज सकाळी मेण लावून पुसलेली गाडी. त्यांना आठवते ती चमक त्या ड्रायव्हरच्या मनगटाची आहे, कारखान्याची नव्हे.

कारखान्याची गोष्ट निराळी होती. १९२०च्या दशकाआधी मोटारीचा रंग वाळायलाच काही आठवडे लागत. ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सने १९२४च्या ओकलंड गाड्यांवर वापरला आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. त्याच जातीचा लॅकर १९५० नंतरही शेव्हरोलेवर फवारला जात होता. तो फवारल्यावर आपोआप चमकत नसे, घासावा लागे. मालिकेतून गाड्या पुढे सरकत असताना घासणारे हात बॉनेट, छत, दरवाजे अशा दिसणाऱ्या भागांवर फिरत. दरवाजाच्या चौकटीत, डिकीच्या आत, इंजिनामागच्या पत्र्यावर रंग मंदच राही. मुख्य म्हणजे, रंगावर पारदर्शक वार्निशाचा जाड थर देण्याची पद्धत मोटारींवर रुळली ती १९८०च्या दशकात. पारितोषिक मिळालेल्या गाडीवर तोच थर होता. म्हणजे १९५७च्या गाडीला तिच्या जन्मानंतर पंचवीस-तीस वर्षांनी आलेला अंगरखा घातला, आणि परीक्षकांनी त्या अंगरख्याला गुण दिले.

येथे थोडे गणित करू. खरी गाडी २०० इंच लांब, म्हणजे पाच मीटरहून किंचित अधिक. प्रतिकृती सुमारे २० सेंटिमीटर. प्रतिकृतीवर प्रायमर, रंग आणि वार्निश मिळून मिलिमीटरचा दहावा भाग जाडी चढली, तर खऱ्या गाडीच्या मापाने ती अडीच मिलिमीटर झाली. अडीच मिलिमीटर जाडीचा रंग दिलेली मोटार कोणी पाहिली आहे काय? त्या थराखाली काय काय बुडते ते पाहावे. बॉनेटवरील ‘शेव्हरोले’ ही वळणदार अक्षरे आणि आठ सिलिंडरांच्या इंजिनाची खूण म्हणून त्याखाली असलेला ‘व्ही’ यांच्या कडा गोल होतात, दरवाजांच्या फटी बुजतात. विजेत्या गाडीवर ती अक्षरे आम्हांस वाचता आली नाहीत. मुलाच्या गाडीवर चष्मा न लावताही वाचता आली.

आणि त्या मुलाने काय काय केले होते! बेल एअरची पुढची जाळी सोनेरी असते, ती त्याने सोनेरीच ठेवली होती आणि तिच्या खाचांत काळा रंग पाण्यासारखा पातळ करून सोडला होता. मागच्या पंखांवरील रेघांचा रुपेरी पत्रा त्याने मिठाईवरच्या वर्खासारख्या पातळ धातूच्या पापुद्र्याने मढवला होता. पेट्रोलचे झाकण डाव्या पंखाच्या टोकाशी पट्टीमागे दडलेले असते, हे तो आम्हांला समजावून सांगत होता. इंजिन शेव्हरोलेच्या ठरलेल्या नारिंगी रंगात होते. खालचे अंग लार्कस्पर निळे आणि वर छप्पर ‘इंडिया आयव्हरी’. (डेट्रॉइटमधील कोणा रंगाऱ्याने हस्तिदंताला आपल्या देशाचे नाव का दिले असेल, हे एक कोडेच आहे.) बॉनेट उघडून आत पाहण्याची तसदी परीक्षकांपैकी एकानेही घेतली नाही. आमचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

चमकदार रंगकामाशी आमचे भांडण आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत ए.एम.टी. कंपनीने १९५८ साली ‘एकात तीन’ असे संच काढले. एकाच खोक्यातून गाडी कारखान्यातील रूपात, हौशी सजावटीच्या रूपात किंवा शर्यतीच्या रूपात जुळवता येई. सजावटीच्या गाडीला कोणी वीस थरांचा रंग द्यावा आणि कापूस लावून महिनाभर घासावा, ती वेगळी कला आहे व तिला वेगळे कौशल्य लागते. परंतु त्या प्रदर्शनाच्या प्रवेशपत्रावर ‘मूळ वस्तूची हुबेहूब प्रतिकृती’ असे शब्द छापलेले होते. शब्द छापायचे एक आणि गुण द्यायचे दुसऱ्याला, हा न्याय झाला नाही.

खुद्द मोटारी बनविणाऱ्यांनी मुलांच्या हस्तकौशल्याला किती मान दिला ते पाहावे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली मुलांसाठी एक कारागीर संघ काढला. आरंभी मुलांना नेपोलियनच्या काळातील घोडागाडीची प्रतिकृती बनवावी लागे, पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीची. बक्षीस म्हणजे महाविद्यालयीन शिक्षणाची शिष्यवृत्ती. १९४७ सालच्या विजेत्यांपैकी चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्याच रेखाटन विभागाचा प्रमुख झाला. त्या संघात मुलींना प्रवेश नव्हता, हा त्यातील मोठा दोष. १९६८ साली तो बंद झाला. तेथून पुढे तयार रंगविलेल्या धातूच्या गाड्या विकत घेऊन कपाटात मांडण्याची चाल वाढत गेली. आज आमच्या परीक्षकांची नजर त्याच गाड्यांवर घडलेली आहे. विकतच्या गाडीला बोटांचे ठसे नसतात, म्हणून मुलाच्या गाडीवर दिसलेली संत्र्याच्या सालीसारखी किंचित खरखर त्यांना दोष वाटली.

आमची मागणी साधी आहे. पुढील वर्षी हुबेहूब प्रतिकृती आणि सजावटीच्या गाड्या असे दोन वेगळे गट करावेत. पहिल्या गटात मूळ गाडीचे छायाचित्र सोबत मांडण्याची अट घालावी. आणि परीक्षकांनी बॉनेट उघडावे. याला पैसा लागत नाही.

निकालानंतर पंधरा दिवसांनी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो होतो. गाडीचे वरचे कवच त्याने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवले होते. निळा रंग सुरकुत्या पडून सुटू लागला होता. त्याच्या आईने आमच्याकडे पाहिले आणि ती काही बोलली नाही. आम्ही विचारले, “आता कोणता रंग देणार?” तो म्हणाला, “तोच, फादर. पण प्रायमर अजून पातळ करीन. पाऊस जाऊ दे.”