गिन्नी मोडताना

सासूबाईंच्या माळेत तीन गिन्न्या होत्या. लेकीच्या फीसाठी मोडायला पारशिवनीतल्या एका सराफाकडे नेल्या. त्याने अख्खी माळ तोलली आणि 'डाक आहे बाई' म्हणत सगळ्यावरच घट धरली. अहो, डाक असतो तो कडीला! राणीच्या छापाची अस्सल गिन्नी २२ कॅरटची, वजन ७.९८ ग्रॅम. म्हटलं, कड्या काढा नि नाणी वेगळी तोला. तिन्ही मिळून चोवीस ग्रॅमला जराशीच कमी भरली. सराफ नरमला. अर्थात नकलाही पुष्कळ असतात, म्हणून हॉलमार्क केंद्रात आधी कस पाहून घ्यावा. पुतळ्यांना तर असा वजनाचा नेमच नाही. घेतानाही घडणावळ कड्यांची द्या, नाण्याची कशाला? दोन मोडल्या. तिसरी सुनेला की लेकीला, घरात अजून वाद चालू आहे.