पेशव्यांचा पुरावा, पांडवांची कथा

१/४ श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ १७१२ मध्ये पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाले. पेशव्यांच्या इतिहासाला सनदा-पत्रांचा पुरावा लागतो. पांडवकथेकडेही तोच मागावा काय?

२/४ बाराव्या शतकातील लॅटिन कवी एक्सेटरचा जोसेफ याने तो मागितला. ट्रॉयच्या युद्धाविषयी होमरला खोटा ठरवून त्याने स्वतःस प्रत्यक्षदर्शी म्हणवणाऱ्या डेअरीसवर विश्वास ठेवला. पुढे तो साक्षीदारच बनावट निघाला.

३/४ एकनाथांची वाट निराळी. ‘भावार्थ रामायणा’त कैकेयी ही राणी आहेच, शिवाय अविद्याही आहे. कथा न नाकारता त्यांनी सत्य अर्थात शोधले.

४/४ म्हणून पेशव्यांसाठी दप्तर धुंडाळावे. महाकाव्याला मात्र साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. त्याने इतिहास बळकट होत नाही आणि काव्य मुके होते.