बोलणे आणि न बोलणे

हजारो कोसांवरील शास्त्रज्ञाशी समोरासमोर बोलावे, त्याच्या फळ्यावरील आकृती येथे बसून पाहावी, आपली शंका तत्क्षणी त्यास विचारावी, ही सोय आता विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून नित्याची झाली आहे. दूरदृश्य संवादाच्या या साधनाचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते योग्यच आहे. तथापि मला अधिक कौतुक वाटते ते, हे साधन हाताशी असूनही काही काळ मुद्दाम गप्प राहणाऱ्या माणसांचे.

मुलांनो, कृष्णविवराच्या पहिल्या चित्राची हकीकत तुम्ही ऐकावी अशी आहे. हे कृष्णविवर आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर, एम-८७ या दीर्घिकेत आहे. एप्रिल २०१७ मध्ये हवाई बेटे, ॲरिझोना, मेक्सिको, चिली व स्पेन येथील दुर्बिणींनी मिळून त्याचा वेध घेतला. निरनिराळ्या देशांतील दोनशेहून अधिक संशोधक या कामी गुंतले होते. एकाची सकाळ ती दुसऱ्याची मध्यरात्र. त्यामुळे दूरसंवादाच्या बैठकीसाठी कोणाला तरी झोप मोडावीच लागे. गंमत अशी, की माणसांचे बोलणे क्षणात समुद्र ओलांडी, पण दुर्बिणींनी टिपलेली माहिती इतकी प्रचंड होती, की तिच्या हार्ड डिस्क विमानात घालूनच अमेरिकेतील हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीतील बॉन येथे न्याव्या लागल्या!

पुढे चित्र सिद्ध करण्याची वेळ आली. नोंदी तुटक होत्या. मधल्या जागा गणिताने भरावयाच्या होत्या. कृष्णविवराभोवती तेजाचे कडे दिसेल, असे भाकीत होतेच. आणि जे दिसावेसे वाटते, ते माणसाला दिसू लागते. म्हणून संशोधकांचे चार गट पाडण्यात आले. आपल्या चित्राविषयी दुसऱ्या गटापाशी चकार शब्द काढावयाचा नाही, असा निर्बंध ठरला आणि तो कित्येक आठवडे पाळला गेला. कोणी म्हणेल, सर्वांनी मिळून बसावे, काम लवकर उरकेल. उरकलेही असते. पण शेजाऱ्याच्या वहीत डोकावून लिहिलेली चार उत्तरे जुळली, तर शिक्षक त्यांना चार उत्तरे मानतील काय?

जुलै २०१८ मध्ये हे गट अमेरिकेतील केंब्रिज येथे जमले. चित्रे शेजारी शेजारी ठेवली गेली. चारही चित्रांत कडे होते, आणि प्रत्येकाची दक्षिणेकडील बाजू अधिक तेजस्वी होती. मग बोलण्यास पुन्हा मुभा मिळाली. निराळ्या गणितपद्धतींनी चित्र कसून तपासले गेले, आणि १० एप्रिल २०१९ रोजी ते जगापुढे ठेवण्यात आले.